एकतीस हजारांवर थांबवलेला नंदीबैल

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. चाकणच्या ज्या शेडमध्ये मी गेली अठरा वर्षं तपासणीचं काम करते, तिथं पाठीमागे मला लवंगी मिरची म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही. मोजणीत एक नग कमी निघाला की मी अख्खी लाइन थांबवते. ‘एक नग म्हणजे एक नग, पोहे नव्हेत मूठभर कमी-जास्त चालायला,’ असं मी म्हणते, आणि नव्या पोरी जेवणाच्या सुट्टीत माझी नक्कल करतात ती याच वाक्यावर. अशी मी. आणि मीच एका खंडेनवमीला रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं. ते लिहिताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

आम्ही काय बनवतो ते समजावणं म्हणजे डोकेदुखी. फ्लेक्स बनवतो म्हटलं की नातेवाइकांना चौकातले वाढदिवसाचे बोर्ड आठवतात. माझ्या मामेभावानं तर एकदा स्वतःचा गॉगलमधला फोटोच पाठवून दिला, वर ‘तुमच्याकडं स्वस्तात होईल ना?’ तसं नाही हो. आमचा फ्लेक्स म्हणजे पिवळसर पातळ फिल्म आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. नेहमीचं सर्किट कडक हिरव्या पाटीवर असतं, वाकवलं की मोडतं. आमचं वाकतं, दुमडतं, कापडात शिवता येतं. गाड्यांच्या सीटमध्ये जातं, दवाखान्यातल्या यंत्रांत जातं.

मग एके वर्षी पहिल्यांदा फौजेचं काम आलं. थेट नाही. हातमोजे शिवणारी दुसरी एक कंपनी होती, तिला आम्ही फक्त आतली फिल्म द्यायची. प्रत्येक बोटात एक पट्टी आणि मनगटापाशी छोटी बॅटरी. बटण दाबलं की पट्टी तापते आणि बोटं उबेत राहतात. जिथं उघड्या हातानं लोखंड धरलं तर कातडी चिकटून बसते, अशा उंचावरच्या चौक्यांसाठी ते हातमोजे होते. पहिली खेप साठ जोड, वापरून बघण्यापुरती.

आता माणूस बोटं किती वेळा वाकवतो, हे कुणी मोजतं का? आम्हाला मोजावं लागतं. तार वाकवून वाकवून शेवटी तुटते ना, तशीच तांब्याची रेघही तडकते, आणि रेघ तडकली की पट्टी गार. त्यासाठी आमच्याकडं एक जुनं मशीन आहे. त्याचा दांडा फिल्म दुमडतो, उघडतो, पुन्हा दुमडतो, दर तीन सेकंदांना एकदा. सारखं मान डोलावतं म्हणून सगळे त्याला नंदीबैल म्हणतात. वर आकडा पळत असतो. फिल्म तुटली की लाल दिवा लागतो आणि नंदीबैल थांबतो. हातमोज्याच्या पट्टीनं चाळीस हजार वेळा वाकून शाबूत राहायचं, अशी अट होती. म्हणजे जवळजवळ दीड दिवस सलग. मशीनमध्ये एकच खोड होती, मेन बंद केला की आकडा शून्यावर जायचा आणि सगळं पहिल्यापासून.

फौजेचं काम आल्यापासून शेडमधली एक बाई पार बदलून गेली. साताऱ्याकडची, पट्ट्यांना तारा जोडायच्या टेबलावर बसायची. आम्ही तिला सातारकरीणच म्हणतो. तिचा धाकटा भाऊ फौजेत, आणि त्या वर्षी तो वर बर्फात होता. आईबाप लवकर गेले, त्याला हिनंच वाढवलेलं. एक पट्टी जोडून झाली की ती हळूच कपाळाला लावायची.

“अगं, तेल लागतं कपाळाचं! डाग पडले तर तुझ्या नावावर टाकीन,” मी ओरडायचे.

“लागू द्या की ताई. माझ्या भावाला जानार हाय.”

“तुझ्याच भावाला जाणार असं पत्र आलंय का तुला?”

“कुनाच्या तरी भावालाच जानार न्हवं?”

मी पट्टी स्पिरिटनं पुसून घ्यायचे आणि पुढं जायचे.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून घ्यायचं, सकाळी दहाला मेन बंद, मग हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. कुंकू लागलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही, दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर पुन्हा सुरू. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हातमोज्याची फिल्मही दसऱ्याच्या मुहूर्तावरच टेम्पोत चढवायची ठरवली होती.

इथं माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात देव नाहीत. आम्ही बौद्ध. माझे वडील पिंपरीत एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते इतरांच्या आधी तासभर जायचे आणि आपली लेथ तेलाच्या फडक्यानं अशी पुसायचे की तीत तोंड बघावं. पूजा सुरू झाली की हात जोडायचे नाहीत, पण जागाही सोडायचे नाहीत. प्रसादाचा पेढा घरी आणायचे तो मला द्यायला. एका वर्षी कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, ‘तुम्ही कशाला थांबता, तुमच्यात नसतं ना हे?’ त्या दिवशी पेढा आला नाही. मी लहान होते, पण वडिलांचं तोंड आठवतं.

तर त्या खंडेनवमीला दहा वाजता शेडमधली सगळी मशीन बंद झाली आणि एकटा नंदीबैल चालू राहिला. आदल्या दिवशी सकाळी आठला मी त्याच्यावर फौजेच्या लॉटमधली पट्टी चढवली होती. आकडा एकतीस हजारांच्या पुढं गेला होता. संध्याकाळी पाचपर्यंत काम झालं असतं. सातारकरीण हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“ताई, नंदीबैल ऱ्हायलाय.”

“चालू आहे तो. पाचला संपेल. त्याला सोडून दे.”

“आज? आजच्या दिवशी बी राबवायचा? बैलाला बी पोळ्याला सोडत्यात की!”

सगळे हसले. मीसुद्धा हसले. तेवढ्यात मागून एक आवाज आला, “राहू दे गं. त्यांच्यात नसतं तसलं काही.”

बोलणारीच्या मनात काही वाईट असेल असं मला आजही वाटत नाही. सातारकरीण तर मागं वळून “गप गं!” असं तिच्यावर खेकसली. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मी ताडताड चालत गेले आणि नंदीबैलाचा मेन खाली ओढला. “घ्या! लावा कुंकू! हार घाला, नारळ फोडा, काय करायचं ते करा!” दांडा अर्ध्यावर थांबला. आकडा विझला. सातारकरणीनं दांड्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. कुणासाठी, ते सगळ्यांना कळत होतं.

दुपारी रजिस्टर पुढं आलं. खरं म्हणजे मी साहेबांना सांगायला हवं होतं, टेस्ट पुरी झालेली नाही, टेम्पो दोन दिवस थांबवा. त्यांनी कुरकुर केली असती, पण थांबवला असता. पण दुसऱ्या दिवशी मला रजा होती. दसरा म्हणजे आमचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा, आणि आईला विहारात न्यायचं कबूल केलं होतं. शिवाय सगळ्यांसमोर एवढा तमाशा करून मेन ओढलेला, आता पुन्हा कोणत्या तोंडानं ‘त्यामुळं टेस्ट बुडाली’ म्हणायचं? म्हणजे पुन्हा तेच, हिलाच आमच्या पूजेची अडचण. आधीचे नमुने पन्नास हजारांपर्यंत गेले होते, हेही डोक्यात होतं. या वेळचा फिल्मचा रोल नव्या ठिकाणाहून आला होता, हेही ठाऊक होतं, हे मी लपवणार नाही. मी लिहिलं : चाळीस हजार, शाबूत. खाली माझा शिक्का मारला. माझा शिक्का पडला की साहेब पुन्हा बघत नसत, इतकी माझी पत.

दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात बसले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. आईनं तिरकं बघितलं. “घसा बसला का गं?” म्हणाली. मी मान हलवली. बाहेर येऊन तिनं मला खडीसाखर दिली, आणि ती चघळताना मला वाटलं, आता हिला काय सांगू, घशाचं नाही हे दुखणं.

रजेनंतर कामावर गेल्यागेल्या मी पहिलं काम केलं ते म्हणजे राखून ठेवलेल्या नमुन्यांतली एक पट्टी नंदीबैलावर चढवली. मनाच्या समाधानासाठी, असं स्वतःला सांगितलं. दांड्यावर कुंकू तसंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डब्यातली भाकरी मोडत होते आणि समोर लाल दिवा लागला. आकडा होता छत्तीस हजार दोनशे. माझा विश्वास बसेना. दुसरी पट्टी चढवली, ती पस्तीसलाच गेली. मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. खंडेनवमीला मी मेन ओढला नसता, तर दुपारी दोनच्या सुमाराला दिवा लागला असता आणि टेम्पो गेलाच नसता. अवघ्या चार तासांचं काम होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे काय मला कळत नव्हतं? दोन्ही तुटक्या पट्ट्या मी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घातल्या आणि गप्प बसले. रोज ठरवायचे. पिंपळे गुरवला घरून गाडी काढताना ठरलेलं असायचं की आज साहेबांच्या केबिनमध्ये जायचंच. मोशीला सिग्नलला उभी राहीपर्यंत वाटायचं, चाळीस हजार म्हणजे त्यांनी वाढवूनच मागितलं असणार. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. कामावर पोचेपर्यंत मी पूर्ण निर्दोष झालेली असायचे. दिवाळी गेली, थंडी पडली. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. साहेबांनी नुसतं ‘जरा आत या’ म्हटलं तरी मी पाकीट चाचपून बघायचे, आणि त्यांना बहुतेक वेळा नव्या पोरींच्या रजेबद्दल बोलायचं असायचं. त्या दिवसांत मी सगळ्यांवर दुप्पट ओरडत होते. सातारकरणीवर मात्र आवाज चढत नव्हता, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. “ताई, बरं न्हाई का तुमाला?” असं तिनं दोनदा विचारलं.

तीन महिने गेले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती डबा उघडून माझ्या टेबलाशी आली. “तिळगूळ घ्या ताई, गोड बोला. आनि ह्यो बघा, म्हैन्यामागचा हाय, रेंज न्हवती म्हनून काल आला, कुनाला सांगू नगा, घरच्यापुरतं धाडलंय त्यानं.” तिनं फोन पुढं केला. व्हिडिओ होता. टोपी-मफलरमधून नुसते डोळे आणि नाक दिसणारा एक तरुण, अगदी तिच्याच वळणाचा. तो हसत होता आणि दोन्ही पंजे पुढं धरून आमचे हातमोजे दाखवत होता. “अक्का, हे बघ, तुमच्या चाकणचं! भट्टी हाय नुसती!” मग बहिणीला गंमत म्हणून तो मुठी झाकायला आणि उघडायला लागला. झाकायचा, उघडायचा, झाकायचा, उघडायचा. सातारकरीण खदखदून हसत होती.

मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. अकरापर्यंत मोजलं आणि हातातला तिळगूळ परत तिच्या डब्यात ठेवला.

“फोन बंद कर,” मी म्हणाले.

“आवो, आजून पुढं हाय—”

“बंद कर म्हणते ना!” मी पाकीट उघडून त्या दोन तुटक्या पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या. सांगायला सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगितलं. चाळीस हजार लिहिले पण एकतीसच झाले होते, पुन्हा लावलं तेव्हा छत्तीसला तुटली, दुसरी पस्तीसला, आणि हे मला दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कळलं होतं. तिनं पट्ट्या उचलून उजेडाकडं धरल्या. मग तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही.

“म्या बंद करायला लावला, म्हनून झालं का ताई ह्ये?”

“नाही गं बाई! तू कुंकू लावलंस. खोटं मी लिहिलं. तुझा काही संबंध नाही.”

पण तिचे हात कपाळाशी गेले होते आणि ती माझं ऐकत नव्हती. थोड्या वेळानं ती उठून भावाला फोन लावायला बाहेर गेली. लागला नाही. ती सबंध दुपार ती दर दहा मिनिटांनी बाहेर जात होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते आधी हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग त्यांचं तोंड उतरलं. बोलायचं ते बोलले, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पण माझ्यासमोरच त्यांनी हातमोजेवाल्या कंपनीला फोन लावला आणि आमची चूक आहे, सगळे हातमोजे परत मागवा, असं स्पष्ट सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना मानते. शिक्का त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मी आईला म्हणाले. “बरं वाटायला हवंय होय तुला?” आई म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

त्यानंतर सातारकरीण माझ्याशी कामापुरतं बोलायची. “द्या”, “घ्या”, “झालं”. पट्टी कपाळाला लावणं तिनं सोडलं. मला वाटायचं, तिनं एकदा येऊन माझ्या कानाखाली वाजवावी आणि मोकळं व्हावं. ती तसली नाही.

साधारण दीड महिन्यानं खोकी परत आली. प्रत्येक हातमोज्याचं प्रत्येक बोट मीटरवर तपासायचं होतं आणि ते काम साहेबांनी मलाच दिलं, नव्या तपासनिसाच्या सहीखाली. वर राहून आलेले हातमोजे. कुणाच्या तळव्याला काजळी होती, कुणी मनगटाजवळ शाईनं खूण केलेली. मी जोड लावून मोजायला घेतले. मोजणी झाली आणि माझं डोकं फिरलं. पुन्हा मोजले. तेच.

“एकशेएकोणीस!” मी ओरडले. “साठ जोड म्हणजे एकशेवीस! उजव्या हाताचा एक कुठाय? काय लोक आहेत! फौजेतसुद्धा मोजून भरता येत नाही होय? लाखमोलाची वस्तू, आणि खुशाल हरवून बसायची! एक नग म्हणजे एक नग!”

नव्या पोरींनी हसू दाबायला माना खाली घातल्या. इतक्या दिवसांनी लवंगी मिरची परत आली होती. सातारकरीण मात्र टेबलावरून उठली आणि माझ्याजवळ आली.

“वरडू नगा ताई,” ती हळू म्हणाली. “त्यो हरावला न्हाई. त्यो येनार न्हाई.”

“म्हणजे?”

“माज्या भावाचा जोडीदार हाय. कुठल्या मुलखाचा त्ये म्हाईत न्हाई. पहाटंच्या पहाऱ्यावर त्याच्या मोज्याची ऊब गेली. बोटं बधिर हुती, त्याला समजलंच न्हाई. दवाखान्यात मोजा कापून काढाय लागला. दोन बोटं गेली.”

 मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायची मला भीती वाटत होती. तरी विचारलं. “कधी?”

“संक्रांतीच्या आधी. आठ दीस.”

म्हणजे मी पट्ट्या पाकिटात घेऊन मोशीच्या सिग्नलला उभी होते तेव्हा. म्हणजे दिवाळीत बोलले असते तरी चाललं असतं, अगदी डिसेंबर संपता संपता बोलले असते तरी.

“माझ्याबद्दल… त्याला सांगितलंस?”

“न्हाई. भावाला बी न्हाई सांगितलं समदं. काय सांगू?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “त्यो म्हनतो, थंडीच लई हुती. त्यानं भावाजवळ निरोप धाडलाय, शेडमधल्या बायांस्नी सांग म्हनून. बाकीची आठ बोटं तुमी वाचिवली म्हनतोय.”

ती परत जाऊन टेबलाशी बसली आणि हातात तार घेतली. पोरींचं हसणं थांबलं होतं. मी रजिस्टर ओढलं. आलेले नग एकशेएकोणीस, कमी एक, असं लिहिलं. पुढं कारणाचा रकाना होता. आम्ही तिथं एरवी ‘गहाळ’ किंवा ‘खराब’ लिहितो. मी लिहिलं : तपासणी एकतीस हजारांवर थांबवली आणि चाळीस लिहिली. खाली सही केली. शिक्का माझ्याकडं नव्हता, म्हणून नुसती सही.